गाडीवान आणि हलता कणा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. गोष्ट मात्र उरली, कारण तिच्यातल्यासारखी माणसं अजून आहेत. लहानांनी ती गंमत म्हणून ऐकावी, मोठ्यांनी जरा जपून ऐकावी.

त्या राज्याच्या एका टोकाला, घाटमाथ्यावर एक गाव होतं. गावात एक गाडीवान राहत होता. बैलगाडी हाकण्यात त्याचा हात धरणारा साऱ्या मुलखात कोणी नव्हता. गाडी मागे जड झाली तर कुठलं पोतं पुढे सरकवायचं, उतारावर बैलांना कुठे आवरायचं आणि कुठे सोडायचं, हे त्याला बसल्या जागी कळत असे. गावाला त्याचा अभिमान होता आणि त्याला स्वतःचा त्याहून जास्त.

पण स्वभावाने तो भारी संशयी. तरुणपणी एकदा बाजारात एका व्यापाऱ्याने त्याच्या गळ्यात म्हातारा बैल मारला होता. शिंगं तासून, अंगाला तेल चोळून चकाकवलेला. तो बैल घरी येऊन चार दिवस झाले नाहीत तोच गुडघे टेकून बसला. गाडीवानाने तेव्हाच कानाला खडा लावला, की पुन्हा कोणाच्या गोड बोलण्यावर जायचं नाही. पुढे त्याला खरंच कोणी फसवलं नाही. हा आपल्या संशयाचाच गुण, असं तो धरून चालला. लोक मुळातच बरे असतील, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

शेजारणीने सणाचा घास ताट झाकून आणून दिला, की हा ताट उघडण्याआधी विचारायचा, “आज काय मागायला आली हुती?” पुजाऱ्याने प्रसाद जरा जास्त दिला, तर घरी येईपर्यंत याच्या मनात तेच घोळत राहायचं. बायको कपाळाला हात लावायची.

“अवो, एखादं माणूस निस्तं चांगलं असंल की!” ती म्हणायची.

“निस्तं चांगलं? तसलं माणूस म्या अजून बघितलं न्हाई.”

“मग मला कशापायी घरात ठेवलीया?”

तिच्यावर त्याचा फार जीव होता. तिच्या हातचं मात्र तो काही न विचारता जेवायचा.

एकदा काय झालं, त्या देशाच्या राजाच्या कानावर गेलं, की घाटमाथ्यावरची आजारी माणसं खालच्या गावातल्या वैद्यांपर्यंत नीट पोचत नाहीत. बैलगाडीच्या हिसक्यांनी वाटेतच त्यांचे हाल होतात. राजा भला होता. त्याने आपल्या पागेतली एक चारचाकी घोडागाडी आणि घोड्यांची एक शहाणी जोडी गावाला देऊन टाकली. त्या गाडीची बैठक चामड्याच्या जाड पट्ट्यांवर पाळण्यासारखी टांगलेली होती. चाक खड्ड्यात गेलं तरी आतल्या माणसाला हिसका बसत नसे. गाडी घेऊन राजाचा म्हातारा सारथी स्वतः आला.

सगळं गाव गाडीभोवती गोळा झालं. बायकांनी घोड्यांना ओवाळलं. पोरांनी चाकांचे आरे मोजले. गाडी ज्याच्या हवाली व्हायची तो गाडीवान मात्र लांब उभा होता, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकत होती.

राजा फुकट देतो? आजवर धान्य नेलं, वेठीला धरलं, आणि आज एकाएकी दया आली? या गाडीवर मी बसलो की माझे बैल बसून खाणार. बैल गेले की मी राजाच्या घोड्यांचा मिंधा. आणि गाडी मोडली तर? तर मोडणारा मी. त्याने हा हिशेब मनातल्या मनात इतका भराभरा केला, की सारथ्याने हाक मारली तेव्हा तो दचकलाच.

“या गाडीवानदादा,” सारथी म्हणाला. “लांब का? हात तरी लावून बघा.”

गाडीवान पुढे झाला. त्याने चाकं ठोकून पाहिली, चाकांवरच्या लोखंडी धावा चाचपल्या, खाली वाकून गाडीचं पोट पाहिलं. कुठे खोट सापडेना. मग त्याने पुढच्या चाकाला पायाने जरा रेटा दिला, आणि दोन्ही चाकं त्यांना जोडणाऱ्या कण्यासकट बाजूला फिरली.

गाडीवानाच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंदच म्हटलं पाहिजे. सापडली! जन्मभर त्याने दोन चाकांची गाडी हाकलेली. त्या गाडीचा कणा म्हणजे कसा, पहाडासारखा घट्ट हवा. बैलगाडीचा कणा हलायला लागला, की ती गाडी चुलीत घालायच्या लायकीची झाली, हे त्याच्या बापाने त्याला पोरपणीच शिकवलं होतं.

“हे ढिलं हाय,” तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“ढिलं नाही, मोकळं आहे,” सारथी म्हणाला. “हा मधला खुंटा बघा. पुढचा कणा याच्याभोवती फिरतो. घोडे वळले की कणा वळतो, कणा वळला की मागून गाडी वळते. चार चाकांची गाडी नाहीतर वळायची कशी? त्याला कधी अडकू देऊ नका.”

“आन घाटात?”

“घाटात तर मुळीच नको,” म्हातारा म्हणाला आणि हसला.

त्या हसण्याने घात केला. बैलाचा कासरा हातात देताना तो व्यापारीही असाच हसला होता.

“मी चार दिवस राहतो,” सारथी पुढे म्हणाला. “गाडी नवी, जनावरं नवी. तुमचा हात बसला की जाईन. एकदा आपण दोघं मिळून घाट उतरू.”

चार दिवस राहणार, गावातली धान्याची पेवं बघणार, आणि राजाला जाऊन सांगणार! गाडीवानाने ताडकन सांगून टाकलं, “काय गरज न्हाई. मी कळायला लागल्यापास्नं गाडीच हाकतोय.”

“गाडी हाकता हो,” सारथी म्हणाला, “पण ही नाही.”

झालं. संशय होताच, त्यात आता रागाची भर पडली. गाडीवानाने पाहुण्याला भाकरी वाढायला लावली खरी, पण दुसऱ्या दिवशी सकाळी खाली निघालेल्या तांड्याबरोबर त्याची पाठवणीही करून टाकली. जाता जाता म्हातारा पुन्हा वळून म्हणाला, “तेवढा कणा मोकळा असू द्या, दादा.”

एकच गोष्ट हा पुन्हा पुन्हा सांगतो, म्हणजे त्यातच कुठेतरी पाणी मुरतंय. गाडीवानाची आता खात्री पटली. घाटात कणा खुंट्यावरून निसटणार, गाडी दरीत जाणार, आणि राजाची माणसं येऊन म्हणणार, की या गावाला चांगली वस्तू सांभाळता येत नाही. कशासाठी म्हणणार, हे त्याला सांगता आलं नसतं. संशयी माणसाला तेवढी गरजही नसते.

तांडा दिसेनासा झाला. बायको नदीवर गेली होती. गाडीवानाने घरातलं जाडजूड चऱ्हाट काढलं, गाडीखाली शिरला, आणि पुढचा कणा गाडीच्या सांगाड्याशी दोन्ही बाजूंनी आवळून टाकला. ओझं बांधताना तो जी गाठ मारायचा ती कधी सुटत नसे. तीच गाठ त्याने इथे मारली. चाकाला रेटा देऊन पाहिला. चाक तसूभरही हललं नाही. आता त्याला बरं वाटलं.

मग तो गाडी घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेला. सरळ वाटेवर गाडी अशी सुटली, की काही विचारू नका. डगमग नाही, खडखड नाही. “बघितलंसा?” गाडीवान घोड्यांना म्हणाला. “तुमच्या म्हाताऱ्याला वाटलं, हितं समदी खुळी राहत्यात.” घोड्यांना बोलता आलं असतं तर त्यांनी दोन शब्द सुनावले असते. त्यांना वळताना दोघांमधली लाकडी दांडी खांद्याला घासत होती आणि बांधलेली चाकं गवत उपटत फरफटत होती. पण माळ मोठा होता. गाडीवान लांबलचक फेरा घेऊन कसाबसा फिरायचा आणि म्हणायचा, जड गाडी आहे, वेळ लागायचाच.

एक मेंढपाळ हे पाहत उभा होता. “कारभारी,” त्याने विचारलं, “ती वळंना कशी?”

“तुला का एवढी काळजी?” गाडीवान खेकसला. मेंढपाळ मुकाट्याने मेंढरं घेऊन गेला.

रोज माळावर जाता जाता गाडीवानाची भीती चेपली. लगाम कसे धरायचे ते कळलं, घोड्यांची चाल कळली, उंच बैठकीची सवय झाली. लोक म्हणू लागले, की याचा चारचाकीवरही हात बसला. त्यालाही तसंच वाटू लागलं. खरं तर त्याचा हात त्या गाडीवर बसलाच नव्हता. तिला बांधून घालून त्याने आपल्या जुन्या गाडीसारखी करून घेतली होती, आणि तिच्यावर तो निवांत बसला होता.

आणि एके दिवशी त्याची बायको शेवग्याच्या झाडावरून पडली. शेवग्याची फांदी ती, शेंगांना हात घालेपर्यंत टिकली आणि मग काडकन मोडली. पाय खाली दुमडला गेला. लोकांनी तिला उचलून ओट्यावर आणलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मांडी सुजत चालली होती.

घाटाखालच्या गावात एक हाडवैद्य राहत होता. मोडलेलं हाड सांधावं तर त्यानेच. गावातली गडीमाणसं लांबच्या कापणीला गेलेली, त्यामुळे डोली उचलायला खांदे नव्हते. बैलगाडीत घालावं तर एकेका खड्ड्याला मोडलेल्या हाडाचे हाल. गाडीवानाने क्षणभरही विचार केला नाही. त्याने घोडे जोडले, बैठकीवर गोधड्या अंथरल्या आणि बायकोला अलगद आत निजवलं.

घाटाची सुरुवातीची वाट सरळ होती. गाडी पाण्यावरून जावी तशी चालली होती. बायकोने डोळे उघडले.

“पाळन्यात निजल्यावानी वाटतंया,” ती म्हणाली. “राजाचं भलं हुईल. तुमी उगाच त्याच्या नावानं बोटं मोडत हुता.”

“तू बोलू नगंस. पडून ऱ्हा.”

“आन त्या म्हाताऱ्याला धड चार घास सुदिक खाऊ दिलं न्हाईत.”

गाडीवानाने लगाम सावरले. त्याचं लक्ष पुढे होतं. घाटातलं पहिलं मोठं वळण आलं होतं. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी, आणि मध्ये बैलगाडी जेमतेम फिरेल एवढी जागा. त्याने लगाम ओढला. घोडे शहाण्यासारखे कड्याच्या बाजूने वळले.

गाडी वळली नाही.

घोडे आत खेचत होते आणि गाडी नाकासमोर दरीकडे निघाली होती. दांडीने एका घोड्याला असा रेटा दिला, की तो गुडघ्यावर आला. दुसरा खिंकाळत मागच्या पायांवर उभा राहिला. गाडीवानाने दोन्ही लगाम छातीशी ओढले. पुढचं चाक काठावरच्या धोंड्यावर दाणकन आपटलं, धोंडा सुटून खाली गेला, आणि खाली पोचल्याचा आवाज फार उशिरा आला. त्या हिसक्याने बायको बैठकीवरून घसरली. तिचा मोडका पाय फळीवर आदळला. तिने जी किंकाळी फोडली ती ऐकून गाडीवानाच्या तोंडचं पाणी पळालं.

इतकं होऊनही त्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? दगा! म्हाताऱ्याने शेवटी दगा दिलाच. कुठे काय करून ठेवलंय ते पाहायला तो खाली उतरला, गाडीखाली वाकला, आणि त्याला दिसलं ते चऱ्हाट. ताणाने करकरत होतं. कणा वळायला बघत होता आणि गाठ त्याला वळू देत नव्हती. ती गाठ दुसऱ्या कोणाची नव्हती.

“काय झालं?” बायको आतून कण्हत म्हणाली. “गाडी का वळंना?”

“मीच बांधलाय,” तो म्हणाला. “पुढला कना. मीच आवळून बांधलाय.”

“सोडा की मग.”

“सोडला आन समदंच निसटलं तर? चाक निम्मं भाईर हाय. तू आत हायस.” कमरेचा कोयता हातात आला होता, पण चऱ्हाटाला लावायचा धीर होत नव्हता. बांधलेलं ते सुरक्षित, मोकळं ते धोक्याचं, हे इतकी वर्षं रक्तात मुरलेलं. ज्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता त्या म्हाताऱ्याच्या शब्दावर आता बायकोचा जीव ठेवायचा होता.

“त्यो म्हातारा काय म्हनाला हुता?” बायकोने विचारलं.

“मोकळा ठेव म्हनाला हुता.”

“मग ठेवा की मोकळा!” ती रडत ओरडली. “निदान ह्या येळंला तरी कुनाचं तरी ऐका!”

गाडीवानाने डोळे मिटले आणि कोयता मारला. एका बाजूचं चऱ्हाट तुटलं. दुसऱ्या बाजूला मारला. कणा खुंट्यावर गर्रकन फिरला, चाकं कड्याकडे वळली, आणि पडलेला घोडा धडपडत उठला. गाडीवानाने घोड्यांच्या तोंडाशी जाऊन त्यांना चुचकारलं. जोडीने एकदा जोर लावला, आणि गाडी काठावरून मागे येऊन वळणात शिरली. निसटलं काहीच नाही.

पुढे घाटात आणखी कितीतरी वळणं होती. प्रत्येक वळणावर गाडीवान जीव मुठीत धरून बसायचा, आणि प्रत्येक वळणावर गाडी घोड्यांच्या मागून सहज फिरायची. गाडीत खोट नव्हतीच. हे त्याला आता दिसत होतं, आणि गाडीतून बायकोचं कण्हणं ऐकू येत होतं.

हाडवैद्याने पाय बराच वेळ चाचपला. मग गाडीवानाला बाहेर बोलावून विचारलं, “वाटेत कुठे आपटला का पाय?”

गाडीवानाने मान डोलावली.

“झाडावरून पडली तेव्हा हाड नुसतं चिरलं होतं,” हाडवैद्य म्हणाला. “सरकलं ते नंतर. मी बसवतो, पण पाय थोडा आखूड राहील. चालेल ती, लंगडत चालेल.”

गाडीवानाला आता कोणीतरी फसवलेलं हवं होतं. कोणाच्या तरी नावाने शिव्या द्यायला मिळाल्या असत्या, तर त्याला श्वास तरी घेता आला असता. पण या खेपेला त्याला फसवणारं कोणी नव्हतंच.

बायको हिंडती-फिरती झाल्यावर तो गाडी घेऊन राजधानीला गेला. म्हातारा सारथी पागेत घोड्यांना खरारा करत होता. गाडीवानाने त्याचे पाय धरले.

“मला वाटलं, तुमी माझा घात करनार,” तो म्हणाला.

“तुमचं माझं काही वैर होतं का?” सारथ्याने विचारलं.

“न्हाई.”

“मग असं का वाटलं?”

म्हाताऱ्याने त्याला उठवलं. त्याने घोड्यांच्या पाठीवर हात फिरवला, गाडी जोडली आणि याला शेजारी बसवून घेतलं. गाडीवान या खेपेला खरोखर हात बसेपर्यंत तिथे राहिला. जे कळलं नाही ते विचारत राहिला, पोरानेही विचारू नयेत असले प्रश्न विचारत राहिला.

पुढे त्याने आयुष्यभर ती गाडी हाकली. बाळंतिणी, म्हातारी, तापाने फणफणलेली पोरं, सगळी त्याने घाटाखाली सुखरूप नेली. लोक त्याला दुवा देत. त्याची बायको मात्र अंगणातून लंगडत यायची, लंगडत जायची. त्या दिवसाबद्दल ती एका शब्दाने कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटायचं. तिचं पाऊल वाजलं, की तो हातातलं काम थांबवून मान खाली घालायचा.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, या गोष्टीचं सांगणं एवढंच: जे आपल्याला उमगलं नाही ते संशयाने आवळून टाकण्याआधी, ते मोकळं का ठेवलंय हे विचारून घ्यावं.